शियाओचिंगची केस: फ्रॉइड चीनमध्ये पोचला तेव्हा समोर पेशंट नव्हता

फ्रॉइड चीनमध्ये कसा पोचला हा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी नावांची जंत्री वाचायला मिळते, अमक्याने लेख लिहिला, तमक्याने भाषांतर केलं, मग क्रांती झाली आणि सगळं थांबलं. मला वाटतं एकच केस नीट उलगडून बघितली तर तिथल्या विचारी लोकांनी ह्या शास्त्राचं नेमकं काय केलं हे जास्त कळतं. म्हणून ही केस घेतोय. १९२२ साली बेजिंगमधल्या त्सिंगहुआ ह्या कॉलेजातल्या एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने, ३१० वर्षांपूर्वी वारलेल्या एका मुलीचं मनोविश्लेषणाच्या पद्धतीने निदान केलं. विद्यार्थी पान ग्वांगदान, जो पुढे चीनमधला मोठा समाजशास्त्रज्ञ झाला, आणि मुलगी शियाओचिंग.

केस स्टडीत नावं झाकायची पद्धत असते, पण इथे ते काम सतराव्या शतकातच उरकलेलं आहे. तिचं जे सगळ्यात जुनं चरित्र मिळतं ते लिहिणाऱ्याने स्वतः टोपणनाव घेतलंय, नवऱ्याला नुसतं 'एक तरुण' म्हटलंय, आणि तिचं आडनाव नवऱ्याचंच असल्यामुळे, एकाच आडनावात लग्न तिकडे निषिद्ध म्हणून, ते मुद्दाम गाळलंय. पुढच्या लोकांनी शोधून फेंग हे घराणं जोडलं.

पार्श्वभूमी: मुलगी

जन्म साधारण १५९५, गाव यांगझोऊ. आई मोठ्या घरांमधून मुलींना शिकवायला जायची, ही तिच्या बोटाला धरून जायची, त्यामुळे लिहिणं वाचणं कविता करणं हे सगळं लहानपणीच आलं. दहा वर्षांची असताना एक बौद्ध भिक्षुणी घरी आली, तिने एक सूत्र म्हणून दाखवलं आणि पोरीने ते लगेच एकही अक्षर न चुकता परत म्हटलं. भिक्षुणी आईला म्हणाली की पोर हुशार आहे पण नशीब थोडं आहे, मला शिष्या म्हणून दे, आणि ते जमत नसेल तर निदान हिला लिहावाचायला शिकवू नकोस म्हणजे तिशीपर्यंत तरी जगेल. आईने दोन्ही ऐकलं नाही.

सोळाव्या वर्षी तिला हांगझोऊच्या एका श्रीमंत घरातल्या मुलाला दुसरी बायको म्हणून दिलं, दिलं म्हणजे विकलंच. तो गडबड्या, आरडाओरडा करणारा, कवितेबिवितेशी काही घेणंदेणं नसलेला. थोरली बायको अतिशय मत्सरी. तिने हिला हांगझोऊच्या वेस्ट लेक ह्या सरोवरातल्या गुशान नावाच्या टेकडीवरच्या बंगल्यात नेऊन ठेवलं आणि नियम घालून दिले, ते चरित्रात स्पष्ट आहेत आणि ते लक्षात ठेवावेत अशी विनंती आहे कारण पुढे सगळं ह्यावर येऊन ठेपतं: नवरा माझ्या हुकुमाशिवाय आला तर त्याला आत घ्यायचं नाही, त्याची चिठ्ठी माझ्या हुकुमाशिवाय आली तर ती घ्यायची नाही, आणि तुझी चिठ्ठी बाहेर जाणार असेल तर आधी मला दाखवायची.

एकच माणूस तिच्याशी माणसासारखं वागायचं, यांगबाई म्हणून नात्यातल्या एक बाई होत्या, त्या पुस्तकं आणून द्यायच्या, सोबत बसायच्या. एकदा सरोवरात नावेतून फिरताना थोरली दूर आहे बघून त्यांनी हळूच विचारलं की इथून तुला सोडवते, चांगल्या घरी देते, येतेस का. शियाओचिंग नाही म्हणाली. स्वप्नात फूल तोडलं आणि वाऱ्याने पाकळ्या उडून गेल्या, माझं एवढंच लिहिलेलं आहे असं काहीसं तिचं उत्तर आहे. पुढे यांगबाईंच्या नवऱ्याची नेमणूक दुसरीकडे झाली, त्या गेल्या, आणि मग कोणीच उरलं नाही.

त्यानंतर ती आजारी पडली. थोरलीने वैद्य पाठवला, औषध पाठवलं, हिने समोर आभार मानले आणि पाठ फिरताच औषध फेकून दिलं कारण विषाची भीती. दिवसाला पेअरच्या रसाचा एक छोटा पेला एवढंच पोटात जायचं. पण रोज नटायची, कपडे नीट, केस नीट, आणि पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलत बसायची, दासी जवळ आली की गप्प व्हायची. शेवटी चित्रकार बोलावला. पहिलं चित्र बघून म्हणाली रूप आलंय पण आतलं काही आलं नाही. दुसरं बघून म्हणाली आतलं आलंय पण हालचाल नाही, आणि मग त्याला सांगितलं तू शांत बसून बघ, आणि स्वतः चहाच्या चुलीला वारा घातला, म्हाताऱ्या दासीशी गप्पा मारल्या, पुस्तकं आवरली, आणि तिसरं चित्र मनासारखं झालं. ते बिछान्याजवळ ठेवलं, समोर उदबत्ती लावली, पेअरच्या दारूचा नैवेद्य दाखवला, स्वतःच्याच चित्राला हाक मारून रडली आणि गेली. वय चिनी मोजणीने १८, साल १६१२. नंतर थोरलीने चित्र आणि कविता मागवून जाळल्या. थोड्या कविता जळण्यापासून बचावल्या त्या केवळ अशा की तिने काही दागिने कविता लिहिलेल्या कागदांत गुंडाळून एका पोरीला दिले होते.

पार्श्वभूमी: विद्यार्थी आणि त्याचा काळ

पान १८९९ सालचा. लहान असताना वडिलांनी जपानहून तरुणांसाठी लिहिलेलं लैंगिक आरोग्यावरचं एक पुस्तक आणलं होतं, मुलाच्या हातात ते दिसलं तर ओरडण्याऐवजी ते म्हणाले की हे वाचायला हरकत नाही, तरुणांनी वाचावंच. त्या काळातला चिनी बाप असं म्हणतो ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला वाटतं पुढच्या सगळ्याची मुळं तिथे आहेत. त्सिंगहुआत असताना खेळताना पाय दुखावला, तो शेवटी कापावा लागला, कुबड्या घेऊन हिंडायचा. १९२० च्या सुमारास लायब्ररीतून हॅवलॉक एलिस ह्या इंग्लिश लैंगिकता-अभ्यासकाचे लैंगिक मानसशास्त्रावरचे सहा खंड एकेक करून वाचून काढले, ते असे कुणालाही मिळत नसत, खास परवानगी लागायची. मग फ्रॉइडची व्याख्यानं इंग्रजीतून वाचली. आणि नार्सिसिझमवर, म्हणजे ओढ स्वतःवरच अडकून राहण्यावर, वाचता वाचता त्याला शियाओचिंग आठवली.

बाहेर काय चाललं होतं हेही बघायला पाहिजे. १९१९ चं चार मे आंदोलन, म्हणजे विद्यार्थ्यांनी पेटवलेली नव्या विचारांची चळवळ, होऊन गेलं होतं, जुनी लग्नपद्धत, एकत्र कुटुंब, बायकांचं कोंडलेलं आयुष्य ह्या सगळ्यावर तरुण पोरं तुटून पडली होती. १९२० आणि १९२१ मध्ये बर्ट्रंड रसेल चीनमध्ये होता, मन ह्या विषयावरच्या त्याच्या व्याख्यानांत अबोध मनाची चर्चा होती. १९२१ ला झू ग्वांगच्यान ह्या अभ्यासकाने मोठ्या मासिकात फ्रॉइडवर लेख लिहिला. त्याच वर्षी कवी गुओ मोरुओने 'शी शियांग जी' ह्या जुन्या नाटकाच्या लेखकाचं, म्हणजे सहाशेच्या वर वर्षांपूर्वीच्या माणसाचं, मन तपासलं आणि बायकांच्या पावलांचं त्याला वेड होतं असा निष्कर्ष काढला. १९२२ ला निबंधकार झोउ झुओरेनने कथाकार यू दाफूच्या बदनाम झालेल्या कथेची बाजू घेताना मनोविश्लेषणाचाच आधार घेतला. ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, कोणाकडेही पेशंट नाही. लेखक, पुस्तकं, पात्रं, मेलेली माणसं, ह्यांच्यावर फ्रॉइड लावून बघायचा.

आपल्याकडे त्याच १९२२ मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी सुरू केली, ते स्वतः डॉक्टर, पेशंट बघायचे आणि फ्रॉइडशी पत्रातून वादही घालायचे. चीनमध्ये हा रस्ता त्या वेळी कोणी घेतला नाही, तिथे फ्रॉइड आला तो साहित्यिक आणि प्राध्यापकांच्या हातून.

प्रॉब्लेम काय होता

वरवर बघितलं तर प्रश्न सोपा, ही मुलगी अशी का मेली. तीनशे वर्षं लोक ह्या गोष्टीवर रडत होते, नाटकं लिहीत होते, गुशानवर तिची समाधी बघायला जात होते, आणि उत्तर ठरलेलं होतं: रूपवती मुलीचं नशीब फाटकंच असतं. चिनी भाषेत ह्यासाठी तयार म्हणच आहे आणि ती वापरली की विचार करायची गरज संपते.

पानसमोरचा खरा प्रश्न दुहेरी होता. एक, नशीब आणि सवतीचा मत्सर ह्यापलीकडे जाऊन कारण शोधता येतं का. आणि दोन, व्हिएन्नाच्या मध्यमवर्गीय पेशंटांवरून काढलेले सिद्धांत मिंग काळातल्या एका चिनी मुलीला लागू पडतात का, कारण पडत असतील तर हे शास्त्र माणसाचं आहे, युरोपचं नाही. दुसरा प्रश्न त्याच्या पिढीला जास्त महत्त्वाचा होता आणि तो पहिल्या प्रश्नाच्या मानगुटीवर बसला असं मला वाचताना सारखं वाटतं.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे केस बंदच करायची, कारण शियाओचिंग ही कल्पित आहे असं म्हणणारे सतराव्या शतकापासून होते, आणि साधे लोक नाहीत, च्यान च्यानयीसारखा नावाजलेला कवी आणि विद्वान होता. कल्पित असेल तर निदान कोणाचं करणार.

दुसरा, शारीरिक आजार धरायचा. लक्षणांवरून क्षय असावा असं वाटतं, त्या काळात तरुण पोरी क्षयाने पटापट जायच्या, अन्न बंद होतं, मृत्यूला एवढं कारण पुरे आहे.

तिसरा पर्याय चार मे वाल्यांचा आवडता, दोष थेट व्यवस्थेचा. मुलगी विकली, कोंडली, मारली. ह्यात मानसशास्त्राची गरजच नाही.

चौथा पर्याय साहित्याचा होता, तिच्या कविता कविता म्हणून वाचायच्या आणि चरित्र हे कोणा पुरुषाने घडवलेलं कथानक म्हणून वाचायचं. हा पर्याय १९२२ मध्ये कोणाच्या डोक्यात फारसा नव्हता, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि पाचवा फ्रॉइडचा. मेलेल्या माणसाचं विश्लेषण कागदांवरून करायचं ह्यात पानला काही गैर वाटायचं कारण नव्हतं, स्वतः फ्रॉइडने १९१० मध्ये लिओनार्दोवर आणि १९११ मध्ये श्रेबर ह्या न्यायाधीशावर लिहिलं ते असंच, श्रेबरला तर तो कधी भेटलाच नाही, फक्त त्याचं आत्मकथन वाचलं.

काय केलं

पहिला निर्णय, ती खरी होती असं धरायचं. इथे पानने कष्ट घेतले, वेगवेगळे जुने मजकूर ताडून बघितले, ती कल्पित आहे म्हणणाऱ्यांचे मुद्दे तपासले आणि खोडले. हा भाग इतिहासाच्या वर्गासाठी लिहिलेल्या निबंधाला शोभेल असा आहे आणि तो होताही तसाच, कारण लियांग चिछाओ त्सिंगहुआत चिनी इतिहास शिकवायला आले होते आणि हा निबंध त्यांना द्यायचा होता. लियांग म्हणजे १८९८ च्या सुधारणा चळवळीतले, त्या पिढीचे गुरूच. त्यांनी निबंध वाचून पोराची भरभरून तारीफ केली, तू शास्त्रज्ञ होशील किंवा साहित्यिकही होशील, पण एक काहीतरी धर, माझ्यासारखा चहूकडे वाहत जाऊ नकोस असा सल्लाही दिला. म्हातारा गुरू एवढ्या नव्या आणि त्या काळी अश्लील वाटणाऱ्या विषयाला नाक न मुरडता दाद देतो, ह्याचा त्या वयाच्या मुलावर काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको.

दुसरा निर्णय निदानाचा. पानची साखळी साधारण अशी: सोळाव्या वर्षी, मनाची लैंगिक वाढ पुरती झालेली नसताना, एका अडाणी नवऱ्याशी अचानक आलेला संबंध हा धक्का होता. त्यामुळे पुढे जायची ती वाढ खुंटली. मग एकांतवास, प्रेम बाहेर जायला वाट नाही, ती ओढ मागे वळली आणि स्वतःवर येऊन थांबली. पुरावे म्हणून पाण्यातलं प्रतिबिंब, मरता मरता नटणं, स्वतःच्या चित्रापुढे उदबत्ती, आणि तिच्या कवितेतली ती प्रसिद्ध ओळ ज्यात ती पाण्यातल्या आपल्या बारीक सावलीला म्हणते की तू माझी कीव कर, मी तुझी करते. ग्रीक गोष्टीतला नार्सिसस तळ्याकाठी झुरून मेला, आणि ही सरोवराकाठी. यांगबाईंना दिलेला नकारही ह्याच चौकटीत बसवला, बाहेरचा माणूस तिला आता नकोच होता.

ही साखळी वाचताना मान्य करावं लागतं की त्यात जोर आहे. तीनशे वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी असं विचारलं की सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीराचं आणि मनाचं त्या लग्नात काय झालं. आधीचे सगळे तिच्या सौंदर्यावर आणि अश्रूंवर लिहून थांबले होते, लग्नाच्या रात्रीबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

तिसरा निर्णय, हे छापायचं आणि कुठे छापायचं. १९२४ मध्ये तो निबंध बायकांच्या एका मासिकात आला, ही निवड मला फार महत्त्वाची वाटते, विद्वानांच्या जर्नलमध्ये न टाकता शिकलेल्या बायका वाचतील अशा ठिकाणी दिला. अमेरिकेत शिकून १९२६ ला परत आल्यावर तो वाढवून १९२७ मध्ये क्रिसेंट मून प्रकाशनाकडून पुस्तक काढलं, त्याचा मित्र कवी वेन यीदुओ, जो चित्रकलाही शिकला होता, त्याने त्यासाठी आरशासमोर बसलेल्या बाईचं चित्र काढून दिलं. १९२९ ला सुधारलेली आवृत्ती. दर आवृत्तीत एक गोष्ट वाढत गेली ती म्हणजे तिच्या एकटीच्या पलीकडचा भाग. जुन्या घरंदाज बायकांच्या कवितांमध्ये आजारपण, उदासी, रात्र, पाऊस हे इतकं सारखं सारखं का येतं असा प्रश्न त्याने घेतला, आणि उत्तर दिलं की कोंडलेल्या आयुष्याची आणि लैंगिकतेबद्दलच्या गप्प बसण्याची ती लक्षणं आहेत, समाजाची नजर बदलल्याशिवाय एकेका बाईवर उपचार करून काही होणार नाही.

निष्पत्ती

पुस्तक गाजलं, वाचलं गेलं, मनोविश्लेषण चिनी मजकुरावर पद्धतशीर लावण्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून आजही त्याचं नाव घेतात. पण त्यातून दवाखाना निघाला नाही. १९२९ मध्ये झांग शिझाओ ह्या माजी शिक्षणमंत्र्याने थेट फ्रॉइडला पत्र लिहिलं, फ्रॉइडने आनंदाने उत्तर दिलं, १९३० ला त्याच्या आत्मचरित्राचं भाषांतर आलं. मानसशास्त्रज्ञ गाओ जुएफूने फ्रॉइडची व्याख्यानं चिनीत आणली. शांघायचे तरुण कथाकार फ्रॉइड वाचून कथा लिहायला लागले. म्हणजे पुस्तकांच्या दुनियेत सगळं जोरात, आणि माणूस समोर बसवून ऐकणं जवळजवळ शून्य.

विरोधही झाला, आणि तो सनातन्यांकडूनच झाला असं नाही. मोठा लेखक लू शुन, ज्याने १९२२ मध्ये स्वतः फ्रॉइड डोक्यात ठेवून एक कथा लिहिली होती आणि १९२४ मध्ये ह्या विचारावर उभं असलेलं एक जपानी पुस्तक भाषांतरित केलं होतं, तोच १९३३ ला म्हणाला की फ्रॉइडकडे बहुतेक चार पैसे होते, पोट भरलेलं होतं, म्हणून त्याला जेवणाची अडचण कळली नाही आणि सगळं लक्ष कामवासनेवर गेलं. भुकेच्या देशात हे वाक्य लोकांना लागलं.

पान स्वतः हळूहळू फ्रॉइडपेक्षा एलिसकडे जास्त झुकला. युद्धाच्या काळात कुनमिंगला, बॉम्बहल्ले चालू असताना, त्याने एलिसच्या लैंगिक मानसशास्त्राचं भाषांतर केलं आणि त्याला चिनी जुन्या ग्रंथांतली शेकडो उदाहरणं टिपांमध्ये जोडली, समलैंगिकतेवर जुन्या चिनी साहित्यात काय काय मिळतं ह्याचं एक वेगळं परिशिष्टही दिलं. ते १९४६ ला छापलं. १९४९ नंतर सोव्हिएत वळणाचं पावलोवचं मानसशास्त्र आलं, फ्रॉइड बूर्झ्वा ठरला, १९५२ मध्ये विद्यापीठांतून समाजशास्त्रच बंद झालं. १९५७ ला पानवर उजवा म्हणून शिक्का बसला, सांस्कृतिक क्रांतीत त्याचे हाल झाले आणि १९६७ मध्ये तो गेला, त्याचा शिष्य फेई शियाओतोंगच्या हातांत. गाओच्या भाषांतरांची नवी आवृत्ती १९८४ ला आली, पानचा एलिस १९८७ ला, आणि तेव्हा विद्यार्थ्यांच्या नव्या पिढीने तो हातोहात उचलला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकतं ते निदानाचं वळण. वर ते तीन नियम सांगितले ना, नवरा नाही, त्याची चिठ्ठी नाही, आपली चिठ्ठी तपासल्याशिवाय नाही. ज्या माणसाला बोलायला कोणीच ठेवलेलं नाही ते माणूस पाण्याशी नाही बोलणार तर कोणाशी बोलणार. दासी आली की ती गप्प व्हायची, कारण दासी कोणाची हे तिला माहीत होतं. औषध फेकलं ह्याला वेड म्हणता येत नाही, ज्या बाईने कोंडलं तिनेच पाठवलेलं औषध कोण घेईल. आता हे सगळं बाजूला ठेवून तिच्या ओढीची दिशा आत वळली असं म्हटलं की कैद मागे पडते आणि दुखणं तिच्या मनात जाऊन बसतं. पानला व्यवस्था दिसत नव्हती असं अजिबात नाही, शेवटच्या भागात तोच समाजाकडे बोट दाखवतो. पण पुस्तकाचा क्रम असा आहे की वाचणाऱ्याच्या लक्षात नार्सिसिझम राहतो आणि ते नियम राहत नाहीत. क्रम उलटा असता, आधी सगळ्या बायकांच्या कविता आणि मग त्यातली एक म्हणून शियाओचिंग, तर पुस्तक वेगळंच झालं असतं.

दुसरी जागा यांगबाईंना दिलेला नकार. ह्याचे कमीत कमी तीन अर्थ लागतात. पानचा एक. दुसरा असा की सोडवणं म्हणजे काय, तर परत कोणाच्या तरी घरी देणं, एकदा विकली गेलेली मुलगी दुसऱ्यांदा कुठे जाणार आणि तिथली थोरली कशी निघणार ह्याची खात्री यांगबाईही देऊ शकत नव्हत्या. तिसरा असा की हे उत्तर तिचं नाहीच, चरित्रकाराला नायिका एकनिष्ठ हवी होती. विश्लेषक समोर असता तर विचारलं असतं, इथे विचारायला कोणी नाही, तेव्हा तिन्ही अर्थ उघडे ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग होता.

तिसरी जागा मला स्वतःला सगळ्यात गुंतवते, चित्राची. शियाओचिंगच्या मागे उरलेल्या कवितांपैकी सर्वात प्रसिद्ध जी आहे तिच्यात ती म्हणते की थंड पाऊस खिडकीवर ऐकवत नाही म्हणून दिवा वाढवून 'मुदान थिंग' वाचत बसले, माझ्याहून वेडं कोणीतरी जगात आहे, एकटी शियाओचिंगच दुःखी नाही. हे तांग श्येनझूचं १५९८ चं नाटक, म्हणजे तिच्या काळात अगदी ताजं. आणि त्या नाटकाची नायिका काय करते, तर प्रेमाने झुरून मरण्याआधी आरशात बघून स्वतःचं चित्र काढते, आणि त्याच चित्रामुळे पुढे तिला प्रियकर सापडतो आणि ती परत जिवंत होते. मग शियाओचिंगने चित्रकाराला तीनदा काढायला लावलं, रूप नको आतलं पाहिजे, नुसतं आतलं नको हालचाल पाहिजे, ही स्वतःवरची आसक्ती कशावरून? आपण गेल्यावर कोणीतरी हे बघेल आणि ओळखेल ही आशा असू शकते. म्हणजे ते चित्र बाहेरच्या कोणासाठी तरी आहे, अजून जन्मालाही न आलेल्या माणसासाठी असेल. किंवा मग चरित्रकारानेच नाटकावरून प्रसंग बेतला असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुरावा म्हणून चित्राचं वजन कमी होतं, आणि अख्खं निदान ज्या तीनचार खांबांवर उभं आहे त्यातला हा सगळ्यात जाड खांब आहे. मी ती केस लिहीत असतो तर इथे थांबून पन्नास पानं लिहिली असती.

पानच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगायला पाहिजे. आज आपण तिच्याबद्दल 'सोळाव्या वर्षी झालेला आघात' असं सहज म्हणतो, ते म्हणायची सोय त्याने केली. त्याच्याआधी ह्या मुलीचं शरीर कोणाच्या लेखी नव्हतंच.

पेशंट समोर असता तर काय झालं असतं ह्याचा थोडा अंदाज १९३५ ते १९३९ ह्या चार वर्षांवरून येतो. फुजियानमध्ये जन्मलेला, शिकागोला शिकलेला आणि हॅरी स्टॅक सुलिवान ह्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या वर्तुळात तयार झालेला बिंगहॅम दाई तेव्हा पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमध्ये खरोखरच्या पेशंटांबरोबर बसत होता. त्याचा भर दडपलेल्या कामवासनेवर कमी आणि माणूस कोणत्या नात्यात, कोणत्या भूमिकेत अडकलाय ह्यावर जास्त होता: मुलगा म्हणून, सून म्हणून, थोरला म्हणून काय सोसावं लागतं. चार वर्षांत जपानी सैन्य बेजिंगमध्ये आलेलं असताना तो अमेरिकेला परतला आणि ते काम तिथेच तुटलं. पान आणि दाई एकाच शहरात काही काळ होते, पानही १९३४ पासून त्सिंगहुआत शिकवत होता. दाईची पद्धत गुशानच्या बंगल्यावर लावून बघितली तर पहिला प्रश्न प्रतिबिंबाचा निघत नाही, चिठ्ठ्यांचा निघतो. पानचं पुस्तक कोणाच्या हाती लागलं तर मी सुचवेन की बायकांच्या कवितांवरचं शेवटचं प्रकरण आधी वाचा, मग चरित्रातले ते तीन नियम, आणि निदान सगळ्यात शेवटी.